अमेरिकेतल्या सरकारी शाळा शिक्षक युनियनमुळे बिघडल्या आहेत का? मुलाला चार्टर शाळेत घालावं का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये बॉस्टनला बदली आहे, मुलगा सहावीत जाईल, आणि ऑफिसातल्या एका सिनिअरने बजावलंय, "युनियनने तिथल्या सरकारी शाळांची वाट लावली, चार्टरच बघ." मी बॉस्टन शहरातच राहते, बारा वर्षं झाली. मोठी मुलगी नेहमीच्या सरकारी शाळेत शिकली, धाकटा चार्टरमध्ये आहे. दोन्हीकडच्या पालकसभा भोगून झाल्या आहेत.

आधी चार्टर म्हणजे काय ते, कारण आपल्याकडे बरेच जण तिला खाजगी शाळा समजतात. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. अर्ज जास्त आले तर सोडत. पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र मंडळाचा. आपल्या अनुदानित शाळेची चुलत बहीण म्हणा. फक्त इथे पैसा मुलामागे येतो आणि शिक्षक ठेवायचा-काढायचा अधिकार मंडळाकडे असतो. बहुतेक चार्टरमध्ये युनियन नाही. गंमत अशी की 1988 मध्ये ही कल्पना उचलून धरली ती एका युनियनच्याच अध्यक्षांनी, अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सच्या अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांना नवे प्रयोग करायला मोकळीक मिळावी, हा त्यांचा हेतू. 1991 मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला. पुढे गाडी भलत्याच रुळावर गेली आणि शँकरही विरोधात गेले.

आता सिनिअरसाहेबांचं म्हणणं. युनियनमुळे शाळा बुडत असत्या तर बॉस्टन ज्या राज्यात आहे ते मॅसॅच्युसेट्स केव्हाच तळाला गेलं असतं. इथे शिक्षकांना संप करायला कायद्याने बंदी आहे, तरी 2024 च्या सुरुवातीला शेजारच्या न्यूटनमध्ये शाळेचे 11 दिवस संप चालला आणि युनियनने 6 लाख डॉलरच्या वर दंड सोसला. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षक युनियनने मतदान घडवून आणून, हायस्कूल पास होण्यासाठी दहावीची राज्य चाचणी पार करायची जी सक्ती होती, ती रद्द करून घेतली. (मला ते मुळीच पटलं नाही.) इतकी दणकट युनियन असूनही 'नेप' या राष्ट्रीय चाचणीत हे राज्य वर्षानुवर्षं अगदी वरच्या ओळीत आहे. याचं श्रेय युनियनला द्यावं असंही नाही. इथे पैसा आणि शिकलेले पालक दोन्ही जास्त आहेत.

युनियनचा खरा दोष वेगळ्या जागी दिसतो: वाईट शिक्षकाला काढणं फार अवघड होऊन बसतं. न्यूयॉर्कमध्ये 2010 पर्यंत चौकशी चालू असलेले शेकडो शिक्षक पूर्ण पगारावर खोल्यांमध्ये नुसते बसून असायचे. लोक त्यांना 'रबर रूम' म्हणत. माझ्या मुलीच्या शाळेत गणिताच्या बाई सव्वीस वर्षं त्याच वर्गात शिकवत होत्या. काय शिकवायच्या! आणि त्याच मजल्यावर एक सर वर्षभर वर्कशीट वाटून फोन बघत बसायचे. मी मुख्याध्यापिकांकडे गेले, तर त्या दार लावून घेत म्हणाल्या, "कागदपत्रं जमवायलाच दोन वर्षं जातील." तोवर मुलगी ती शाळा सोडून गेली असती.

मग चार्टर चांगल्या का? बॉस्टनच्या, हो. एमआयटीच्या जोशुआ अँग्रिस्ट वगैरे अर्थतज्ज्ञांनी सोडतीचाच उपयोग करून घेतला. नंबर लागलेली आणि न लागलेली अशी दोन्हीकडची मुलं अर्ज केलेल्यांतलीच, म्हणजे 'जागरूक पालकांची मुलं' हा फरक निघून गेला. तरी नंबर लागलेल्यांची प्रगती, विशेषतः गणितात, बरीच जास्त निघाली. (याच अँग्रिस्टना 2021 मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.) पण त्याच राज्यात शहराबाहेरच्या चार्टरमध्ये असा फायदा दिसला नाही. आणि ओहायोत एक मोठी ऑनलाइन चार्टर होती, 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो'. जेवढ्या मुलांचे पैसे घेतले तेवढी शिकत असल्याचं दाखवता येईना, तेव्हा राज्याने सुमारे 8 कोटी डॉलर परत मागितले. जानेवारी 2018 मध्ये ऐन वर्षाच्या मध्यात ती बंद पडली आणि जवळपास 12,000 मुलं शाळा शोधत बसली.

पाटी दोन्हीकडे 'चार्टर'चीच. पण ओहायोत मंजुरी देणाऱ्या संस्था अनेक होत्या, इथे एकच राज्य मंडळ परवाना देतं, तोही पाच वर्षांचा. माझ्या मते युनियन आहे की नाही यापेक्षा हे जास्त मोलाचं.

युनियन चार्टरला इतकी का चिडते? सगळा स्वार्थ नसतो. समजा आठ इयत्तांतून तीन-तीन मुलं चार्टरला गेली. चोवीस मुलांचे पैसे गेले, पण एकही वर्ग बंद करता येत नाही. तीच बस, तेच हीटिंग, तेवढेच शिक्षक. राज्य काही वर्षं थोडी भरपाई देतं, पण खड्डा भरत नाही. म्हणूनच 2016 मध्ये दरवर्षी 12 नव्या चार्टरना वाट देणारा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा 62 टक्के लोकांनी तो पाडला. उपनगरातल्या पालकांनीसुद्धा.

धाकट्याची शाळा शिस्तीची आहे. शर्ट बाहेर आला की डिमेरिट, म्हणजे बेशिस्तीची नोंद, तीन झाले की शाळा सुटल्यावर बसायचं. दिवस लांब, शिकवणं नेमकं, आणि त्याचं गणित खरंच सुधारलं. पण दोन वर्षांत गणिताला तीन शिक्षक झाले. तिसरे तर छान रुळले होते. जूनमध्ये निरोप घेताना त्यांनी सांगितलं की सरकारी शाळेत नोकरी लागली, पगार बरा आणि साडेतीनला घरी. म्हणजे युनियनच्या करारावरच गेले की!

तुमच्यापुरतं सांगायचं तर चार्टरचे अर्ज हिवाळ्यात घेतात आणि सोडत मार्चच्या सुमारास होते. जूनमध्ये येणाऱ्याला प्रतीक्षा यादीच मिळते. तरी नाव घाला. आणि शाळा बघायला जाल तेव्हा निकालाच्या तक्त्यांकडे नंतर बघा, आधी दोन गोष्टी विचारा. सहावीत इतकी मुलं, मग त्याच तुकडीतली बारावीला किती उरतात? आणि मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत?