आधी दारावरची पाटी उतरवा

घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात आलेल्या, विशेषतः आदिवासी व दलित विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसे करावे आणि पुढे नेतृत्व त्यांच्या हाती कसे यावे, असे आपण विचारले आहे. आपण बडोद्यातच नव्याने शिकवू लागला आहात, म्हणून लिहायला बसलो. इथल्याच एका महाविद्यालयात मी 27 वर्षे गणित शिकवले आणि त्यांपैकी निम्मी वर्षे तरी या बाबतीत मी चुकत होतो.

शनिवारचा ‘रेमेडियल’, म्हणजे कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांसाठीचा वर्ग माझ्याकडे असे. तो जिन्याखालच्या खोलीत भरे आणि दारावर तशी ठळक पाटी होती. मुले आत शिरण्याआधी दोन्हीकडे पाहून घेत. कोणी ओळखीचे दिसले, तर पाणी प्यायला निघाल्यासारखी टाकीकडे वळत. हे मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावण्याची तसदी मी घेतली नाही. छोटा उदेपूरकडची, राठवा या आदिवासी समाजातील एक मुलगी तीन शनिवार आली आणि यायची थांबली. तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा मारून मी मोकळा झालो.

काही दिवसांनी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटली, तेव्हा मी जरा चढ्या आवाजातच कारण विचारले. खाली पाहत ती गुजरातीत एवढेच म्हणाली की, तिथे शाळेचेच पुन्हा शिकवतात आणि ते मला येते. मला ते खरे वाटले नाही. मी तिथेच लिमिटची व्याख्या विचारली. ती गप्प राहिली. मग काय सुचले कोण जाणे, ‘लक्ष’ म्हणजे काय ते सांग, असे म्हणालो. गुजराती माध्यमाच्या पुस्तकांत लिमिटला ‘लक्ष’ म्हणतात आणि फंक्शनला ‘विधेय’. तिने माझ्या खिशाकडे बोट दाखवून पेन मागून घेतले, वहीच्या पुठ्ठ्यावर आलेख काढला आणि एका दमात सारे सांगून टाकले. तिचे अडत होते ते इंग्रजी पुस्तकापाशी, आणि मी तिला अपूर्णांक सोडवायला बसवत होतो!

याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी 1970च्या दशकात सुरू केलेले काम माझ्या वाचनात आले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात, हे शोधताना आळस, घरची अनास्था ही प्राध्यापकांची ठरीव उत्तरे त्यांच्यापुढे टिकली नाहीत. चिनी वंशाची मुले वर्गाबाहेर एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. कृष्णवर्णीय मुले बहुधा एकेकटी झगडत. त्यावर ट्राइसमन यांनी सोपा वर्ग काढला नाही, गटाने सोडवायची अधिक कठीण गणिते दिली.

मी पाटी उतरवली, खोली बदलून घेतली, वर्ग सर्वांना खुला केला आणि पाच-पाच जणांच्या गटांना परीक्षेपेक्षा अवघड गणिते देऊ लागलो. फळ्याशी आपण जायचे नाही, हा नियम पाळणे मला फार जड गेले. तिसऱ्या महिन्यात ती मुलगी लिमिटची काटेकोर, ‘एप्सिलॉन-डेल्टा’ म्हणतात ती सिद्धता गुजरातीतून मांडत होती आणि दांडिया बाजारातली आमच्या शेजारची दोन मराठी मुले तिला शंका विचारत होती. दुसऱ्या वर्षी, दिवाळी उलटली तरी शिष्यवृत्ती जमा होईना, तेव्हा याच गटाने सर्वांच्या सह्या घेऊन कचेरीत अर्ज दिला. मजकूर तिचा होता.

त्यावर एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, “गणित शिकवता आहात की मोर्चे काढायला?” त्यांचे म्हणणे असे की, जागा राखीव आहेत, शिष्यवृत्ती आहे, आणखी काय हवे? बडोद्याच्या माणसाने तरी हे बोलू नये. सयाजीरावांनी डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन 1913मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण 1917मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले आणि कमाटी बागेत झाडाखाली बसावे लागले, हे सांगताना आमचा आवाज उतरतो. म्हणून आपण पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाला राहण्याची सोय कुठे झाली, शिष्यवृत्तीच्या अर्जात काय अडले आहे आणि शाळेचे माध्यम कोणते होते, एवढे अवश्य विचारा.

माझी पद्धत सर्वांना लागू पडली, असे मात्र समजू नका. तिच्या गटातल्या पाच जणांपैकी दोघे शेवटच्या वर्षापर्यंत टिकले नाहीत. काहींचे अपूर्णांक खरोखरच कच्चे असतात. ते शेजारी बसून, गाजावाजा न करता पक्के करून घ्यावेच लागतात. आणि नेतृत्व सर्वांच्या गळ्यात घालू नका. एका मुलाला फक्त बँकेत नोकरी हवी होती, ती त्याने मिळवली.

ते सहकारी सकाळी फिरताना अजून भेटतात आणि ती हुशारच होती, तशीही वर आली असती, असे ऐकवतात. तसे असेल, तर माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘अनियमित’ हा शेरा कसा पडला, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.