शेपटीचं प्रश्नचिन्ह

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल आलं आणि रात्री दिवा मालवल्यावरही डोक्यातून जाईना. उन्हाळी शिबिरात तू मुलांना फेलिक्स मांजराची जुनी मूक कार्टून फिल्म दाखवलीस, मुलं खदाखदा हसली, आणि नंतर "हा कोण?" म्हणून विचारलंस तर चाळीस मुलांत एकालाही नाव सांगता आलं नाही. ते तुला लागलं. पुढे तू लिहिलंयस, "एके काळी सगळं जग ज्याला ओळखायचं त्याची ही गत, तर माझ्या खारीचं काय होणार?" ही खार म्हणजे तू कार्टूनसाठी घडवलेलं पहिलंवहिलं पात्र नसलं तरी तुझं लाडकं, म्हणून काळजी कळते.

आधी एक सांगते. मुलं हसली हे तू एका शब्दात उरकलंस आणि नाव आलं नाही याच्यावर अख्खं पान खर्च केलंस. मला ते उलटं हवं होतं. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये बसून कुणीतरी काढलेलं, तोंडातून अवाक्षर न काढणारं मांजर आज आपल्या पोरांना हसवतं, ही केवढी गोष्ट आहे! आणि नाव म्हणशील तर आपल्याकडे फेलिक्स घराघरांत कधी पोचलाच नव्हता. मुलांचा त्यात काही दोष नाही.

पण तुझा प्रश्न खरा आहे, आणि तो मलाही पूर्वी छळायचा. म्हणून फेलिक्सचं नेमकं काय झालं ते नीट सांगते. "काळ बदलला, लोक विसरले" असं म्हणून लोक मोकळे होतात. तेवढ्यावर समाधान मानू नकोस.

फेलिक्सची पहिली फिल्म नोव्हेंबर 1919 ची. तेव्हा त्याचं नावही फेलिक्स नव्हतं, ते एक-दोन फिल्मनंतर मिळालं. स्टुडिओ पॅट सलिव्हन या मूळच्या ऑस्ट्रेलियन माणसाचा, आणि चित्रं काढून फिल्म उभ्या करणारा ओटो मेस्मर. याच मेस्मरने त्याआधी चार्ली चॅप्लिनवरच्या कार्टून फिल्मचं काम केलं होतं. त्यासाठी चॅप्लिनचे फोटो समोर ठेवून त्याने त्याची एकेक लकब गिरवली होती: खांदा कसा उडतो, पाऊल कुठे वळतं, लाज वाटली की हात कुठे जातात. हा सगळा अभ्यास पुढे मांजरात उतरला. 1923 च्या एका फिल्ममध्ये फेलिक्स हॉलिवूडला जातो, शेपटीची काठी करून चॅप्लिनची नक्कल करतो, आणि खुद्द चॅप्लिन येऊन त्याच्यावर चोरीचा आळ घेतो. गुरूचं ऋण असं उघड, पडद्यावर मान्य करणं मला फार आवडतं.

आता जे सांगते ते फिल्म पुन्हा लावून, फ्रेम थांबवून थांबवून बघ. फेलिक्सपुढे अडचण आली की तो आधी काहीच करत नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधतो, मान खाली घालतो आणि येरझाऱ्या घालायला लागतो. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. मग डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटतं. कधी तो तेच चिन्ह हातात घेतो आणि त्याचा अडकवायचा हूक म्हणून वापर करतो. कधी शेपटी काढतो, तिचा काय वाटेल तो उपयोग करतो आणि पुन्हा जागेवर लावतो. अंगाचा काळा रंगही विचार करून दिलेला. मेस्मरच सांगायचा की भरीव काळ्यामुळे बाह्यरेषा कमी काढाव्या लागतात आणि भरीव आकार पडद्यावर हलतोही छान. म्हणजे वेळेची बचत आणि देखणेपण एकाच दौतीतून निघालं.

त्या येरझाऱ्यांत फेलिक्स आहे, पोरी. प्रेक्षकाला दिसतं की हे मांजर विचार करतंय. पळणारी, पडणारी, आपटणारी कार्टून तेव्हाही ढिगाने होती. विचारात पडलेलं पात्र बघायला लोक थांबत. मार्गरेट विंकलर या बाईंनी 1922 पासून वितरण हाती घेतलं आणि हे मांजर अमेरिकेबाहेरही जाऊन पोचलं. खेळणी, बाहुल्या, वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्या, सगळीकडे तो. इतका की वॉल्ट डिस्नेच्या सुरुवातीच्या फिल्ममध्येही ज्युलियस नावाचं मांजर आहे, आणि ते फेलिक्सचं भावंड शोभावं असं आहे.

मग आवाज आला. नोव्हेंबर 1928 मध्ये न्यूयॉर्कला मिकी माउसची बोलकी फिल्म लागली, 'स्टीमबोट विली'. बोलकी म्हणण्यापेक्षा वाजती म्हण. बोटीवरच्या जनावरांचीच वाद्यं करून उंदीर गाणं वाजवतो. त्यात आवाज वरून चिकटवलेला नाही, विनोदच आवाजातून निघतो. सलिव्हनने मात्र आवाजाकडे वळायला फार उशीर केला. जुन्या वितरकाने करार पुढे चालवला नाही. शेवटी जेव्हा फेलिक्सच्या फिल्मना आवाज दिला तेव्हा तो तयार मूकचित्रांवर मागाहून ठोकलेला होता. येरझाऱ्या घालणाऱ्या मांजराच्या मागे खडखडाट आणि म्याँव म्याँव. ज्या शांततेत प्रेक्षक त्याच्याबरोबर विचार करायचा, तीच बुजवून टाकली.

इथे पुष्कळ जण म्हणतात की मूकपट गेले तसा फेलिक्स गेला, त्याला इलाज नव्हता. मला हे पटत नाही. आवाज असलेल्या फिल्ममध्येही गप्प राहणारं पात्र चालतं, हे चॅप्लिनने त्यानंतर कितीतरी वर्षं दाखवून दिलं. फेलिक्सलाही ती वाट मोकळी होती. पण ती शोधायला मांजर ज्याला आतून ठाऊक आहे त्याच्या हाती निर्णय लागतो. मेस्मर पगारी माणूस होता. मांजर सलिव्हनच्या मालकीचं. 1933 च्या फेब्रुवारीत सलिव्हन वारला, त्याची पत्नी त्याच्या आदल्या वर्षीच खिडकीतून पडून गेली होती, आणि मागे राहिलेल्या हक्कांचा नुसता गुंता झाला. स्टुडिओ बंद. 1936 मध्ये दुसऱ्या एका स्टुडिओने फेलिक्सला रंगीत करून तीन फिल्म काढल्या. त्यात तो बारीक आवाजात बोलतो, गोड आहे, शहाण्या मुलासारखा वागतो. रंग सुरेख आहेत. पण येरझाऱ्या नाहीत, शेपटीचे खेळ नाहीत. त्याच्या जागी दुसरं कुठलंही मांजर चाललं असतं. तिसऱ्या फिल्मपुढे ती मालिका गेली नाही.

थोडी आधीची, 1920 च्या दशकाच्या अखेरची एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. टेलिव्हिजन बाल्यावस्थेत असताना न्यूयॉर्कमध्ये आरसीए कंपनीचे इंजिनिअर प्रक्षेपणाचे प्रयोग करत होते. दिव्यांची धग इतकी की माणूस तासन् तास समोर उभा राहू शकत नसे. म्हणून त्यांनी कागदाच्या लगद्याची फेलिक्सची बाहुली आणली आणि फिरत्या थाळीवर ठेवली. काळापांढरा ठसठशीत फरक, म्हणून चित्र तपासायला सोयीची. फक्त साठ आडव्या रेषांनी बनलेलं ते चित्र. त्यात ही बाहुली नुसती गोल गोल फिरायची. जगातल्या अगदी पहिल्या टीव्ही चेहऱ्यांपैकी तो एक चेहरा, म्हणून लोक ही हकीकत अभिमानाने सांगतात. मला मात्र ती बाहुली दिसली की गळा दाटून येतो. जो पाठीमागे हात बांधून चालत विचार करायचा, त्याला थाळीवर ठेवून फिरवत होते.

आणि हे एकट्या फेलिक्सचं नाही. मिकीचं बघ. तू म्हणशील, तो तर अजून दप्तरावर आहे, पाण्याच्या बाटलीवर आहे, वाढदिवसाच्या केकवर आहे. आहे ना. पण तुझ्या त्या चाळीस मुलांना विचार, मिकी स्वभावाने कसा आहे? 1928 चा मिकी वात्रट होता, जनावरांच्या शेपट्या ओढणारा. तो लाडका झाला तशी पालकांची कुरकुर सुरू झाली, त्याचा वात्रटपणा काढून घेतला गेला, आणि चिडणं, आदळआपट, हेवा हे सगळं 1934 मध्ये आलेल्या डोनाल्ड डककडे गेलं. काही वर्षांतच डोनाल्ड मिकीच्या पुढे निघाला. मग मिकीला सावरण्यासाठी त्याला जादूगाराचा शिकाऊ शिष्य करून एक मोठं काम दिलं, तेच पुढे 1940 च्या 'फँटेशिया'त आलं. म्हणजे फेलिक्सचं नाव गेलं, तर मिकीचं नाव राहून स्वभाव गेला. दोन्हींत तुला कुठलं जास्त दुःखाचं वाटतं, ते मला कळव. माझं उत्तर ठरलेलं आहे, पण तुझं आधी ऐकायचंय.

आता माझा स्वतःचा अनुभव. तुला कधी सांगितला नव्हता. आम्ही सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर एकेक चित्र रंगवून, काम करायचो त्या दिवसांत एका गोळ्या-चॉकलेटच्या कंपनीसाठी मी एक पोपट केला होता. सहा वर्षं त्याच्या जाहिराती चालल्या. हा पोपट बोलण्याआधी मान तिरकी करून एका डोळ्याने समोरच्याला न्याहाळायचा. बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, नुसतं बघणं, मग बोलणं. मुलं ते घरी करून दाखवायची. पुढे कंपनीने काम दुसरीकडे दिलं. नवी जाहिरात मी घरच्या टीव्हीवर पाहिली. पोपट हुबेहूब तोच, चोचीची वळणं तीच, पिसांचा हिरवाही तोच. फक्त तो थेट बोलायला लागला. बघणं गेलं. वर्षभरात पोपटही बंद झाला.

मी पुष्कळ दिवस त्या लोकांवर रागावले होते. मग एकदा जुनी मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं ते दाखवणारा नमुन्याचा कागद, काढून पाहिली. पोपट समोरून, बाजूने, पाठीमागून, चोच उघडी, चोच मिटलेली, रंगांचे क्रमांक, सगळं चोख. त्या बारा फ्रेमचा उल्लेख कुठेच नव्हता. ते फक्त माझ्या हाताला माहीत होतं. ज्यांनी पुढे काढला त्यांना पोपट दिला गेला होता, त्याचं बघणं कुणी दिलंच नव्हतं.

म्हणून तुझ्या खारीबद्दल मला जे म्हणायचंय ते हे. स्टुडिओने तुला जो करार पाठवलाय तो सही करण्याआधी वकिलाला दाखव, लाजू नकोस. पात्र स्टुडिओच्या मालकीचं राहील हे बहुधा तुला बदलता येणार नाही. पण श्रेयनामावलीत 'पात्रनिर्मिती' म्हणून तुझं नाव प्रत्येक भागात, प्रत्येक भाषेत लागेल, हे लिहून घे. मेस्मरचं नाव फेलिक्सच्या फिल्मवर लागत नव्हतं. तो 1954 पर्यंत फेलिक्सच्या चित्रपट्ट्या काढत राहिला, टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांच्या हलत्या जाहिराती आखत राहिला, आणि त्याचं काम त्याच्या नावावर लागायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियात आजही काही जण फेलिक्स सलिव्हनचाच म्हणून भांडतात. कागदावर लिहिलेलं असतं तर हे भांडण उरलंच नसतं.

दुसरं, मॉडेल शीटला एक पान जोड. त्यावर खार कशी दिसते ते नको. ती काय करत नाही ते लिही. ती खोटं बोलते का? तिला हरलेलं सोसतं का? उडी मारण्याआधी ती किती फ्रेम थांबते? पाच-दहा वर्षांनी कुणीतरी अनोळखी मुलगा ती काढायला बसेल, आपल्यासारखा खालून उजेड देणाऱ्या लाइट बॉक्सवर नाही, आणखी कशावर तरी. त्याला तुझी शैली बदलायची असेल तर खुशाल बदलू दे. फेलिक्सही बदलला होता, 1920 च्या दशकाच्या मध्यावर तो टोकदार होता तो गोल झाला, आणि त्याने त्याचं भलंच झालं. 1958 मध्ये टीव्हीसाठी जो ओरिओलोने त्याला जादूची पिशवी दिली. अमेरिकेतल्या एका पिढीने त्या पिशवीवर मनापासून प्रेम केलं, आणि ते प्रेम मी खोटं म्हणणार नाही. तरी माझ्या मनात एक सल राहतोच. पूर्वी वाट त्याला स्वतःच्या शेपटीतून आणि डोक्यातून काढावी लागायची, आता ती पिशवीतून निघायला लागली.

तुझी खार विसरली जाईल का, याची चिंता मात्र आत्ता बाजूला ठेव. सकाळी पेपर आला की आधी 'चिंटू' वाचणारी मुलं मी माझ्या घरात पाहिली आहेत, आणि तीच मुलं आता आपल्या पोरांना मोबाइलवर भलतीच पात्रं लावून देतात. हे चालणारच. त्यात कुणाचा अपमान नाही.

तू पाठवलेली चित्रं मी खिडकीपाशी लावून ठेवली आहेत. बसलेली खार उत्तम आहे, शेपटीचा भार बरोबर पडलाय. पळण्याची सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी पावलांची चित्रं, थोडी सैल आहे, चौथ्या ड्रॉइंगमध्ये मागचे पाय उशिरा उचलले जातात, ते तपास. घाबरलेली खार मात्र मला अजून दिसलेली नाही. तू बाजूला नुसतं लिहिलंयस, 'घाबरली की पळते'. सगळ्याच खारी पळतात. पळण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात तुझी काय करते, ते सहा-सात चित्रांत काढ आणि पुढच्या पत्राबरोबर पाठव. पेन्सिलीतच पाठव, साफ करू नकोस.

तुझी,
बाई