एका हंगामापुरती होडी बाजूला

प्रश्न : दर हिवाळ्यात रविवारी मी इंदूरहून भोपाळच्या मोठ्या तलावावर वल्ह्याची होडी चालवायला जातो. यंदा मुलीची बारावी आणि आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असल्यामुळे हंगाम सोडावा म्हणतो. परंतु सराव मोडेल आणि फायबरची होडी खराब होईल, ही चिंता वाटते.

उत्तर : हंगाम निःशंकपणे सोडा. जाण्यायेण्यात सुमारे ३८० किलोमीटर घेणारा रविवार यंदा घराचाच आहे, असे आम्हांला मनापासून वाटते. होडी धुऊन, हवाबंद कप्प्यांची बुचे उघडून पूर्ण कोरडी करावी आणि सावलीत, जमिनीपासून उंच, दोन रुंद, मऊ आधारांवर पालथी ठेवावी. कारण भार एकाच ठिकाणी आला तर तळ दबतो आणि सततच्या उन्हाने वरचा चकचकीत थर पांढुरका पडून भुरभुरू लागतो. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नये, आत ओल कोंडते. वल्हवण्याचा मुख्य जोर पायांतून व पाठीतून येतो, तेव्हा घरी नियमित बैठका पुरेशा आहेत. पाण्याची ओढ फार वाटली, तर २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळालेला सिरपूर तलाव गावातच आहे. पहाटे आईची परवानगी घेऊन तिथे तासभर अवश्य फिरून या. पुढील वर्षी उतरण्यापूर्वी लाइफ जॅकेटचे पट्टे व शिवण मात्र तपासा.