ट्रॅपेझियम पाहताना फिल्टर काढा

वायूच्या ढगातच जन्मलेला तारकापुंज पाहायचा तर सुरुवात एम 42 पासूनच, म्हणजे मृगातल्या तेजोमेघापासूनच करा. मृगाच्या बाणाच्या जरा खाली, सुमारे 1350 प्रकाशवर्षांवर. आधी दुर्बिणीला 25 मिमी आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून अख्खा तेजोमेघ पाहा. तेजोमेघाचाच प्रकाश पुढे सोडणारा यूएचसी फिल्टर इथेच कामाचा. ट्रॅपेझियमकडे, म्हणजे तेजोमेघाच्या मधोमध असलेल्या त्या तारकापुंजाकडे वळताना तो काढा, कारण तो ताऱ्यांचाही प्रकाश कापतो. मग 150 पटींच्या आसपास जा. चार तारे लगेच वेगवेगळे दिसतात. खरी कसोटी ई आणि एफ या मंद ताऱ्यांची: 6 इंची दुर्बिणीतही हवा स्थिर असेल तरच दिसतात. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. नळीत गरम हवा राहिली तर एफ शेजारच्या, त्या चौघांपैकी सी ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो. दिवसभर तापलेली स्लॅबची गच्चीही टाळा. फोटोतला गुलाबी रंग शोधू नका, डोळ्याला तेजोमेघ करडा-हिरवटच दिसतो.