अकरा हजार गाणी, आणि हवं ते सापडत नाही

प्रश्न : हार्ड डिस्कवर अकरा हजारांच्या आसपास गाणी आहेत. नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी हिंदी आणि निम्मं तरी शास्त्रीय, त्यातलं बरंचसं घरच्या कॅसेटींवरून उतरवलेलं. 'सकाळ', 'रात्र', 'आईच्या आवडीची' असे फोल्डर करून गाणी कॉपी करत गेलो, आता एकेक गाणं तीन-तीन ठिकाणी आहे. मग मुलाने प्लेलिस्ट करून दिल्या, तर नवीन कम्प्युटरवर त्यातलं एकही वाजत नाही. सगळं पहिल्यापासून करायचं का? (एक निवृत्त वाचक, सांगली)

उत्तर : नाही हो, पहिल्यापासून बिलकुल नको! आधी प्लेलिस्टचं बघू. एम३यू प्लेलिस्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात गाणं नसतंच, गाण्याचा नुसता पत्ता असतो. जुन्या कम्प्युटरवर डिस्क 'ई' होती आणि नव्याने तिला 'एफ' केलं की सगळे पत्ते चुकले, एवढंच झालं असणार. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, तसंच असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला परत 'ई' अक्षर द्या, सगळ्या याद्या एकदम जाग्या होतील.

आता फोल्डर. तुमची गोची अशी झालीय की फोल्डरात गाणं एकाच जागी बसतं, आणि गाणी तशी नसतात ना. भैरवी घ्या, राग सकाळचा पण मैफल संपते तिच्यावरच, मग ठेवायची कुठे, 'सकाळ'मध्ये की 'रात्र'मध्ये? तुम्ही दोन्हीकडे ठेवली आणि तिथून हा पसारा सुरू झाला. म्हणून फाइल एकच ठेवायची आणि माहिती टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतच असलेल्या माहितीच्या रकान्यांत, भरायची.

एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात शंभर फाइली निवडून एका फटक्यात सगळ्यांचा टॅग बदलता येतो. नाट्यपदाला अल्बमच्या जागी नाटकाचं नाव टाका (आपण शोधतो तसंच), कंपोझरमध्ये संगीतकार, आणि ग्रुपिंग म्हणून एक रिकामा रकाना असतो त्यात राग. नावं मात्र एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि नुसते 'भीमसेन जोशी' असे तीन वेगळे गायक दिसायला लागतात, माझ्याकडे तर एकदा पाच झाले होते.

मग म्युझिकबी नावाच्या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो-प्लेलिस्ट करायची, म्हणजे गाणी ओढून टाकायची नाहीत, फक्त नियम सांगायचा : ग्रुपिंगमध्ये मारवा, पूरिया किंवा यमन असेल ते 'संध्याकाळ'. भैरव, तोडी 'सकाळ'. बागेश्री, मालकंस 'रात्र'. आणि भैरवी 'सकाळ' आणि 'रात्र' अशा दोन्ही नियमांत लिहा, फाइल एकच राहते, वाजते दोन्हीकडे. उद्या नवीन मालकंस आला की टॅग टाकला की आपोआप यादीत.

पिकार्ड नावाचं एक सॉफ्टवेअर नुसतं ध्वनीवरून रेकॉर्डिंग ओळखून टॅग भरतं, जुन्या हिंदीला करून बघा, पण तुमच्या कॅसेटवरच्या घरगुती मैफली त्याच्या यादीत असणार कुठून, तिथे कानच लावावा लागेल. अकरा हजार एकदम करायला बसू नका हां, मी बसलो होतो, तिसऱ्या दिवशी कंटाळून महिनाभर संगीतच बंद. जे ऐकाल त्याचाच टॅग त्या दिवशी भरा. डुप्लिकेट उडवणं मात्र अगदी शेवटी, आणि तेही बॅकअप घेऊन, कारण एकाच गायकाचे दोन यमन नावाला सारखे दिसले तरी वेगळ्या मैफलीतले असू शकतात.

प्रश्न : कारमध्ये पेनड्राइव्हवरची गाणी भलत्याच क्रमाने लागतात, आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चौकोन म्हणजे तुमच्या स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही, त्याला इलाज नाही, तेवढ्यापुरती नावं रोमनमध्ये करा, पण पेनड्राइव्हसाठी कम्प्युटरवर केलेल्या वेगळ्या कॉपीतच, मूळ फाइलींना हात लावू नका. क्रमाचं म्हणाल तर बरेच स्टिरिओ ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्याच कॉपीतल्या नावांआधी ००१, ००२ लावा, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट करा आणि त्या क्रमाने तिच्यावर पुन्हा कॉपी करा.