१९६८ ची कंट्री स्क्वायर विकायची असेल तर

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत राहता, १९६८ ची फोर्ड कंट्री स्क्वायर (बाजूंना लाकडी नक्षी असलेली मोठी वॅगन) पूर्ण रिस्टोअर केली आहे, इंजिन ३९० घनइंचांचं, आणि आता गॅरेज मोकळं करायचं आहे. किंमत किती लावावी, कुठे विकावी, पैसे कसे घ्यावेत?

आधी किंमत. रिस्टोरेशनला आलेला खर्च आणि गाडीची किंमत यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. चार दारांच्या मोठ्या वॅगनवर घातलेले पैसे बहुतेकदा पूर्ण वसूल होत नाहीत, हे मनाशी धरूनच उतरा. जाहिरातीत एकूण खर्चाचा आकडा टाकू नका. घेणारा तो वाचतो आणि ओळखतो की हा माणूस अडकलेला आहे. पावत्या सगळ्या दाखवा, बेरीज सांगू नका.

आकडा ठरवायला मागितलेल्या किमती बघू नका, झालेले व्यवहार बघा. ब्रिंग अ ट्रेलर या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुन्या लिलावांचे निकाल कोणालाही दिसतात. १९६६ ते १९६८ च्या कंट्री स्क्वायर काढा आणि न विकल्या गेलेल्याही मोजा, कारण बोली जिथे थांबली तो बाजाराने सांगितलेला भाव आहे. मग हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या व्हॅल्युएशन टूलशी ताडा. तिथे १ ते ४ अशा श्रेणी आहेत. १ म्हणजे स्पर्धेत उभी करण्याजोगी गाडी. घरच्या गॅरेजमध्ये नेटाने केलेली गाडी साधारण ३ आणि २ च्या मध्ये बसते, मालकाला मात्र ती नेहमी २ च्या वरच वाटते.

किंमत टाकण्याआधी इंजिन कोणतं हे कागदावर सिद्ध करा. त्या काळातला फोर्डचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, ११ अक्षरांचा असतो. पहिला अंक वर्षाचा (तुमचा ८), पाचवं अक्षर इंजिनाचं. वाय म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं ३९०, झेड म्हणजे चार बॅरलचं ३९०, क्यू म्हणजे ४२८. वाय गाडीवर पुढे कोणी चार बॅरलचा कार्ब्युरेटर चढवला म्हणून ती झेड होत नाही, आणि तसं लिहिलंत तर पहिल्या तासाभरात कोणीतरी कमेंटमध्ये पकडेल. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्स फोर्डच्या मूळ नोंदींवरून रिपोर्ट देते: मूळ रंग, आतलं कापड, ॲक्सल, ऑप्शन, कोणत्या डीलरकडे गेली. तो मागवाच. रंग बदलला असेल तर ते तुम्हीच पहिल्या परिच्छेदात सांगा. १७ अक्षरांचा व्हिन १९८१ पासून आला, त्यामुळे गाड्यांच्या जुन्या नोंदी विकणाऱ्या कारफॅक्सकडे या गाडीचा इतिहास नसतो. कोणी मागितलाच तर एवढं सांगून विषय संपवा.

आता खरी मेख. मस्टँग विकत घेणारा इंजिन बघतो, वॅगन घेणारा मागची बाजू बघतो. इंजिनाचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग त्या वर्षांच्या सेडानशी जुळतात आणि मिळतात. फक्त वॅगनला लागणारे भाग मात्र मिळत नाहीत: टेलगेटची काच, तिची रबरं, मागच्या कोपऱ्यातल्या काचा, सामानाच्या जागेतली पॅनेलं, लाकडी नक्षीभोवतीच्या फायबरग्लासच्या पट्ट्या. घेणारा याच गोष्टी तपासणार, म्हणून फोटोंत त्यांनाच सर्वात जास्त जागा द्या.

टेलगेट म्हणजे फोर्डचं १९६६ पासूनचं मॅजिक डोअरगेट, खाली पडतं आणि दारासारखं बाजूलाही उघडतं. विकायच्या आधी दोन्ही प्रकारे निदान वीसएक वेळा उघडझाप करून बघा. बाजूला उघडताना दार खाली झोपत असेल तर बिजागरीत झीज आहे किंवा स्ट्रायकर (दाराचं कुलूप जिथे अडकतं तो भाग) सरकलाय. काच आत उतरवल्याशिवाय ते उघडायचं नसतं. काच अर्धवट थांबत असेल तर आधी मोटर बदलू नका. बहुतेकदा काचेच्या चॅनेलमधलं जुनं ग्रीस कडक झालेलं असतं, नाहीतर दाराशी वाकणारी वायर आतून तुटलेली असते. टेलगेटच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, ते बघा. ती बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि सहा महिन्यांनी बुडबुडे येतात. नव्या मालकाचा पहिला संतप्त फोन बहुधा याच कारणाने येतो.

लाकूड म्हणजे अर्थातच डाय-नॉक, छापील व्हिनाइल. नवं लावलं असेल तर कोणाकडून घेतलं, कोणतं डिझाइन आणि खालचा पत्रा कसा केला, हे लिहा. जुनं व्हिनाइल काढल्यावरचे उघड्या पत्र्याचे फोटो असतील तर ते सोन्याच्या भावाचे आहेत, कारण पट्ट्यांच्या क्लिपा जिथे पत्र्यात घुसतात तिथूनच गंज सुरू होतो. रंगाची जाडी मोजणारं मीटर व्हिनाइलवर जास्त आकडा दाखवतं. तुमचा रंग सगळीकडे १५० ते ३०० मायक्रॉनमध्ये असेल तर तसं सांगा, आणि कुठे ५०० च्या वर गेला तर तिथे पुटी आहे हेही सांगा. मूळ व्हिनाइल असेल आणि उन्हाची बाजू फिकी पडली असेल तर बदलू नका. मूळ फिक्यालाही गिऱ्हाईक असतं, घाईत लावलेल्या बुडबुडेवाल्या नव्याला नसतं.

मागे समोरासमोर बसायच्या दोन छोट्या सीटा असतील तर सीटबेल्टांसकट उघडून दाखवा. पुढच्या हेडलाइटची झाकणं व्हॅक्यूमवर चालतात. एक आधी आणि दुसरं रेंगाळत उघडत असेल तर कुठेतरी गळती आहे: कडक झालेली नळी, फाटलेला डायफ्रॅम किंवा हेडलाइटच्या स्विचमागचा व्हॉल्व्ह. नळ्या बदलणं काही डॉलरचं काम आहे, आणि व्हिडिओत दोन्ही झाकणं एकदम उघडली की बघणाऱ्याचा विश्वास बसतो.

यांत्रिक बाजू थोडक्यात. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून आकडे द्या. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला चालतील अशा नळ्या घातल्यात का, कॅमशाफ्ट सपाट टॅपेटचा असेल तर झिंकवालं ऑइल वापरता का, हे जाणकार विचारतीलच. गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या चाकांपुढचा फ्रेमचा भाग, सुट्या चाकाचा खळगा आणि पुढच्या काचेखालच्या काउलमधून गळून ओला होणारा फ्लोअर यांचे जवळून फोटो काढा. खाली ताजं काळं अंडरकोटिंग मारू नका. ते काहीतरी झाकलंय असंच वाचलं जातं.

फोटो दीडशेच्या आसपास, ढगाळ दिवशी. व्हिडिओ तीन पुरेत: रात्रभर उभ्या गाडीचं थंड स्टार्ट (बॉनेटला हात लावून थंड असल्याचं दाखवून), दहा मिनिटं चालवताना आतून, आणि टेलगेट, काचा, झाकणं, घड्याळ, रेडिओ असं सगळं एकेक. जे चालत नाही तेही त्याच व्हिडिओत.

कुठे विकायची? या गाडीला ब्रिंग अ ट्रेलर किंवा हेमिंग्ज (जुन्या गाड्यांच्या विक्रीची साइट). कार्स अँड बिड्स नवीन काळातल्या गाड्यांसाठी आहे, तिथे ही बसत नाही. ब्रिंग अ ट्रेलरवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं, म्हणून शेवटचा तास कॉम्प्युटरसमोर बसायची तयारी ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्या. गप्प बसलेल्या विक्रेत्याची गाडी स्वस्तात जाते. मुख्य फी तिथे घेणाऱ्याकडून, बोलीच्या ५ टक्के. ३०,००० डॉलरला बोली थांबली तर तो ३१,५०० मोजतो, आणि बोली लावताना हे त्याच्या डोक्यात असतंच. रिझर्व्ह (ज्याखाली गाडी विकायची नाही तो आकडा) ठेवायचाच तर तुम्ही खरोखर गाडी सोडाल त्या आकड्यावर. मेकमसारख्या मंडपातल्या लिलावात गाडी नेण्याचा खर्च, एन्ट्री फी आणि कमिशन तुमच्या अंगावर येतं, आणि तिथे दोन-तीन मिनिटांत टेलगेटची करामत कोणाला दाखवणार? फेसबुक मार्केटप्लेसवर टाकायला हरकत नाही, पण फालतू चौकशांना तोंड द्यावं लागेल. वेळ मार्च ते मे.

कागद. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हिन गाडीवरच्या डेटा प्लेटशी अक्षर न् अक्षर जुळवा, फरक असेल तर जाहिरातीआधी मोटर व्हेइकल कमिशनकडून दुरुस्त करून घ्या. टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांनाही सही करावी लागेल असं धरून चला. मागच्या बाजूला खाडाखोड किंवा पांढरी शाई नको, ते टायटल परत येतं. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटलच देत नाहीत, तिथला घेणारा गोंधळला तर तुमचं न्यू जर्सीचं टायटल सही करून दिलं की त्याचं काम होतं. ओडोमीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. खरे मैल सिद्ध करता येत नसतील तर तसं स्पष्ट लिहा.

पैसे बँक वायरने घ्या, आणि पैसे जमा झाल्याची खात्री ॲपवरून न करता बँकेला स्वतः फोन करून. कॅशियर्स चेक घ्यायचाच असेल तर घेणाऱ्याच्या बँकेत, काउंटरसमोर. खोटा चेक खात्यात जमा दिसतो आणि आठवड्याने परत फिरतो. जास्त रकमेचा चेक पाठवून उरलेले वाहतूकदाराला द्या म्हणणारा, किंवा अमुकच साइटवरून व्हिन रिपोर्ट विकत घ्या म्हणणारा, दोघेही भामटे. टायटल आणि चाव्या पैसे जमा झाल्यावरच.

नफा झाला तर कर लागतो, आणि रिस्टोरेशनच्या पावत्या मूळ किमतीत धरता येतात. तोटा मात्र वजा मिळत नाही. तेव्हा पावत्यांचा खोका घेणाऱ्याला देण्याआधी स्वतःसाठी स्कॅन करून ठेवा.

गाडी जवळपास १८ फुटांची आहे, हे वाहतूक ठरवणाऱ्याला आधीच सांगा. उचलताना ट्रकवाल्याच्या बिल ऑफ लेडिंगवर (माल उचलल्याच्या कागदावर) त्याने लिहिलेले ओरखडे वाचून मगच सही करा आणि चारही बाजूंचे फोटो तारखेसह काढा. क्यूक्यूच्या हिस्टॉरिक प्लेटा (जुन्या गाड्यांसाठीच्या नंबरप्लेट) असतील तर काढून घ्या. न्यू जर्सीत त्या गाडीबरोबर जात नाहीत. प्लेटा जमा केल्याची पावती हातात आली की मगच विमा बंद करा.