सल्ला गुणपत्रिकेपासूनच सुरू करावा का?

प्रश्न : दादर येथील एका महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक शिक्षिका आहे. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे काही विषयांत नापास होऊनही पुढे शिकण्याची मुभा मिळालेल्या, मुलांना बोलावून उणिवा दाखवल्या की ती मान खाली घालून बसतात आणि पुढच्या भेटीला येतच नाहीत. विद्यार्थ्यांची बलस्थाने पाहून सल्ला द्यावा, असे एका कार्यशाळेत सांगण्यात आले. परंतु नापास मुलाचे कौतुक करणे म्हणजे त्याची फसवणूक नव्हे का?
— एक प्राध्यापिका, डोंबिवली

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण पुराव्याशिवाय केलेले कौतुक मुले लगेच ओळखतात. या पद्धतीचा गाभा मात्र चौकशी हा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांनी माणसे काय चांगले करतात याचा अभ्यास करून जी चाचणी घडवली, तिच्यात ३४ गुणप्रकार आहेत. तथापि तिचा निकाल म्हणजे मुलाच्या कपाळावरचा शिक्का समजू नये. चाचणीवाचून अडतही नाही. गेल्या वर्षभरात कोणते काम मनासारखे झाले आणि मध्ये अडचण आली तेव्हा काय केले, एवढे विचारून उत्तर पुरते ऐकून घेतले तरी पुष्कळ हाती लागते.

समजा, लेखाकर्मात नापास झालेला एखादा मुलगा लालबागच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, पावतीपुस्तके आणि खर्च चोख सांभाळतो. ‘मग तुला हिशेब येतातच की!’ असे म्हणण्याची घाई येथे हमखास होते. नीट विचारल्यास कदाचित असे निघेल की, त्याला आकड्यांची विशेष गोडी नाही. कार्यकर्त्यांसमोर जाब द्यावा लागतो, म्हणून तो चोख राहतो. तसे असेल तर त्याचे बळ जबाबदारीच्या जाणिवेत आहे, आणि एकट्याने गणिते सोडवायला सांगण्यापेक्षा दर शनिवारी दोन सोबत्यांना एक ताळेबंद समजावून देण्याचे काम त्याच्यावर सोपवणे अधिक उपयोगी पडेल. एटीकेटीचा पेपर द्यावाच लागेल, हे अर्थातच पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

कसाऱ्याहून रोज लोकलने येऊन संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलीपुढे मात्र बलस्थानांची चर्चा करत बसू नये. तिला आधी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जासारखी रोकडी मदत हवी.

गुणपत्रिका जरूर काढावी, पण भेटीच्या उत्तरार्धात. आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे, हे उठण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने आपल्या नोंदवहीत लिहावे.